दूरचित्रवाणीचा विसरलेला आरंभ

आपल्या देशातील दूरचित्रवाणीचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे बहुधा तो १९८२ सालच्या आशियाई क्रीडास्पर्धांपासून, रंगीत चित्राच्या आगमनापासून आणि पुढे दोन-तीन वर्षांत घरोघर पोहोचलेल्या मालिकांपासून सुरू होतो. त्याआधीची तेवीस वर्षे ही केवळ प्रास्ताविकाची, अपुऱ्या साधनांची आणि कंटाळवाण्या कृष्णधवल कार्यक्रमांची वर्षे होती, अशी समजूत सुशिक्षित वाचकांच्याही मनात पक्की झालेली दिसते. ही समजूत मला चुकीची वाटते, आणि ज्या माणसांनी त्या काळात काम केले त्यांच्यावर अन्याय करणारीही वाटते. कारण दूरचित्रवाणी कोणासाठी असावी, तिचे चित्र कोणाच्या गावात घडावे आणि पाहणाऱ्याला त्यावर काही बोलावयाचे असल्यास ते ऐकून कोणी घ्यावे, हे या माध्यमासंबंधीचे खरे मूलभूत प्रश्न आपल्या देशाने जर कधी मनापासून विचारले असतील, तर ते याच तेवीस वर्षांत विचारले; आणि त्यांचे एक उत्तम उत्तर प्रयोगाने सिद्ध झाल्यावर आपण ते दप्तरबंद करून ठेवले.

१५ सप्टेंबर १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते दिल्लीत दूरचित्रवाणीच्या प्रायोगिक केंद्राचे उद्घाटन झाले, तेव्हा त्या प्रसंगाला फारसे राजेशाही स्वरूप नव्हते. युनेस्कोने दिलेल्या वीस हजार डॉलरांच्या अनुदानावर आणि आकाशवाणी भवनातील तात्पुरत्या स्टुडिओवर हा संसार उभा होता. प्रक्षेपण आठवड्यातून दोनच दिवस आणि तेही अल्पकाळ होई. त्याचा पल्ला दिल्ली शहर आणि भोवतालचा थोडा परिसर एवढाच. माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री त्या वेळी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे होते, आणि जेथे रेडिओचा आवाजही अद्याप सर्व खेड्यांपर्यंत गेलेला नाही तेथे चित्रासाठी खर्च करणे ही चैन होय, असे मानणारा पक्ष सरकारात आणि सरकारबाहेर प्रबळ होता. त्या पक्षाचे म्हणणे अविचाराचे होते असे मी म्हणणार नाही. गरीब देशाच्या तिजोरीतील प्रत्येक रुपयाचा जाब मागण्याची ती वृत्ती होती, आणि त्या वृत्तीमुळेच भारतीय दूरचित्रवाणीला जन्मतःच एक अट घातली गेली: तिने काही उपयोगाचे काम करून दाखवावे.

ती अट कशी पाळली गेली, हे पाहण्यासारखे आहे. खाजगी संच जवळजवळ कोणाकडेच नव्हते, म्हणून सार्वजनिक ठिकाणी संच ठेवून त्यांच्याभोवती 'टेलिक्लब' स्थापण्यात आले. तेथे माणसे एकत्र बसून आरोग्य, रहदारीची शिस्त, अन्नातील भेसळ अशा विषयांवरचे कार्यक्रम पाहत, कार्यक्रम संपल्यावर आपापसांत चर्चा करीत आणि त्या चर्चेचा वृत्तांत केंद्राकडे जाई. म्हणजे अगदी पहिल्या पावलापासून पाहणाऱ्याचे मत निर्मात्याकडे परत जाण्याची तजवीज करण्यात आली होती. पु. ल. देशपांडे हे आकाशवाणीच्या सेवेत असताना याच नव्या माध्यमाकडे आले, आणि या पडद्यासाठी पंडित नेहरूंची पहिली मुलाखत घेण्याचा मान त्यांना मिळाला, ही गोष्ट मराठी वाचकांना ठाऊक आहे. परंतु त्या काळातील दिल्ली केंद्राची महती मला मुलाखतींपेक्षा त्या चर्चांच्या वृत्तांतांत अधिक वाटते. १९६१ साली शाळांसाठी पाठ सुरू झाले, १९६५ साली दैनंदिन सेवा आली, आणि २६ जानेवारी १९६७ रोजी 'कृषिदर्शन' हा कार्यक्रम दिल्लीभोवतीच्या ऐंशी निवडक खेड्यांसाठी सुरू झाला. गव्हाची नवी बियाणी शेतात येण्याचा तो काळ. शेतकऱ्याने वाचून नव्हे तर पाहून शिकावे, ही त्यामागची कल्पना.

या ऐंशी खेड्यांमागे ज्या पुरुषाची दृष्टी होती तो विक्रम साराभाई. अणुशक्ती खात्याचा आणि अवकाश-संशोधनाचा कारभार पाहणाऱ्या या शास्त्रज्ञाला दूरचित्रवाणीविषयी इतकी आस्था का वाटावी, याचे उत्तर त्यांच्या एका साध्या विचारात आहे. इतर देशांत हे माध्यम प्रथम राजधानीत, मग मोठ्या शहरांत आणि सर्वांत शेवटी, उरलेच तर, खेड्यांत गेले. साराभाईंचे म्हणणे असे की, जो देश उशिरा निघाला आहे त्याने हीच वाट चालण्याचे कारण नाही, उपग्रहाच्या साहाय्याने सर्वांत दूरच्या खेड्यात सर्वांत आधी पोहोचता येईल, आणि तसे पोहोचण्यातच गरीब देशाने हा खर्च करण्याचे समर्थन आहे. १९६९ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेशी त्यासाठी करार झाला. साराभाई मात्र १९७१ च्या डिसेंबरात अकाली निधन पावले, आणि त्यांनी आखलेला प्रयोग त्यांच्या सहकाऱ्यांना पार पाडावा लागला. त्या सहकाऱ्यांत अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे संचालक यश पाल होते, आणि प्रकल्पाच्या व्यवस्थापनाची धुरा वाहणारे एकनाथ चिटणीस हे आपले मराठी शास्त्रज्ञ होते.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष चाललेला हा उपग्रह-शिक्षणाचा प्रयोग 'साइट' या नावाने ओळखला जातो. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे खेडी, आणि तीही त्या त्या राज्यातील मागासलेल्या भागांतून मुद्दाम निवडलेली. प्रत्येक खेड्यात एक सार्वजनिक संच, आणि त्याला जोडलेली, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीपासून बनविलेली, दहा फूट व्यासाची अँटेना. सकाळी दीड तास शाळेतील मुलांसाठी आणि सायंकाळी अडीच तास मोठ्या माणसांसाठी, असे दररोज चार तासांचे प्रक्षेपण हिंदी, तेलुगू, कन्नड आणि उडिया या भाषांतून होई. ज्या गावात रस्ता धड नव्हता, काही ठिकाणी विजेची तारही नव्हती आणि संच बॅटरीवर चालवावा लागे, त्या गावाच्या चावडीपुढे अवकाशातील उपग्रहाकडून थेट चित्र उतरत होते, आणि हे तेव्हा, ज्या वेळी कलकत्ता आणि मद्रास या महानगरांना आपापले दूरचित्रवाणी केंद्र नुकतेच त्याच ऑगस्ट महिन्यात मिळत होते. खेड्याने महानगराची बरोबरी केल्याचे असे दुसरे उदाहरण आपल्या नियोजनाच्या इतिहासात मला आठवत नाही.

साइटला दोष नव्हते असे नाही. कार्यक्रमांची निर्मिती मुख्यतः दिल्ली, हैदराबाद आणि कटक येथील केंद्रांतून होत असे. बिहार, राजस्थान आणि मध्य प्रदेश या तीन प्रांतांतील खेड्यांना एकाच ठशाची हिंदी ऐकावी लागे, जरी त्यांपैकी मुजफ्फरपूरकडची बोली आणि रायपूरकडची बोली यांत मोठे अंतर आहे. आणि सर्वांसाठी एकत्र दाखविला जाणारा दिल्लीचा अर्धा तास तर उडिया वा तेलुगू शेतकऱ्याला भाषेमुळेच परका होता. पण या उणिवा झाकून ठेवण्याचा शिरस्ता त्या प्रयोगात नव्हता. मानववंशशास्त्राचे अभ्यासक महिनोन् महिने खेड्यांत राहिले, कोण पाहते, कोण पाहत नाही, स्त्रिया मागे का उभ्या राहतात, कोणत्या जातीची माणसे संचापर्यंत येतच नाहीत, याची त्यांनी टिपणे केली. स्वतःच्या अपुरेपणाची नोंद करण्याची इतकी प्रामाणिक तयारी सरकारी खात्यांत क्वचितच आढळते.

आणि हेही विसरता कामा नये की, हा प्रयोग सुरू झाला तो आणीबाणी पुकारल्यानंतर अवघ्या पाच आठवड्यांनी. एका बाजूने शास्त्रज्ञ खेड्यातील माणसाचे म्हणणे ऐकण्यासाठी यंत्रणा उभारीत होते, आणि दुसऱ्या बाजूने त्याच पडद्यावरील बातम्यांतून सरकारला नको असलेला प्रत्येक शब्द गाळला जात होता. १ एप्रिल १९७६ रोजी दूरचित्रवाणीचे खाते आकाशवाणीपासून वेगळे करून त्याला 'दूरदर्शन' हे नाव मिळाले, तेही याच दिवसांत. प्रसारमाध्यमांच्या या गैरवापराची कैफियत १९७७ साली नव्या सरकारने श्वेतपत्रिकेतून मांडली. परंतु चंदा समितीने १९६६ मध्येच सुचविलेली स्वायत्तता, जिचा पुरस्कार १९७८ साली वर्गीज समितीनेही केला, तिचा कायदा व्हावयास १९९० साल उजाडले आणि त्याचा अंमल सुरू होण्यास १९९७.

साइटचा उपग्रह वर्षाची मुदत संपताच परत गेला. पण त्याच सुमारास सुरू झालेला आणि पुढे अनेक वर्षे टिकलेला एक लहानसा प्रयोग माझ्या दृष्टीने साइटपेक्षाही मोलाचा आहे, आणि त्याची माहिती मात्र फारच थोड्यांना असते. गुजरातेतील खेडा जिल्ह्यात नडियादजवळ पीज नावाचे गाव आहे. तेथे एक किलोवॉट शक्तीचे एक छोटे प्रक्षेपण केंद्र उभारून अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने त्या एका जिल्ह्यासाठी स्वतंत्र दूरचित्रवाणी चालविली. सुमारे चारशे गावांत सार्वजनिक संच ठेवले गेले, आणि ते पुष्कळ ठिकाणी दूध उत्पादकांच्या सहकारी मंडळ्यांच्या जागेत. कारण सकाळ-संध्याकाळ दुधाच्या निमित्ताने जेथे गावातील सर्व घरांची ये-जा होते ती जागा संच ठेवणाऱ्यांनी हेरली होती. कार्यक्रमाची भाषा ग्रंथिक गुजराती नव्हती; चरोतर भागात जशी बोलतात तशी होती. त्यांत काम करणारी माणसे पुष्कळदा गावकरीच असत. शेतमजुराला मिळणारी अपुरी मजुरी, सावकारी, अस्पृश्यतेचा जाच, बायकांवर पडणारे कामाचे ओझे, असे विषय त्यांत येत, आणि ज्या गावातील अन्यायाचे चित्र पडद्यावर दिसे त्याच गावातील माणसे ते पाहत असत.

यातील साहस लक्षात घ्यावयास हवे. दिल्लीहून सर्व देशाला उद्देशून मजुरीच्या प्रश्नावर कितीही बोलले तरी एखाद्या गावच्या जमीनमालकाची झोप त्याने उडत नाही. परंतु शेजारच्या गावचा मजूर, शेजारच्या गावच्या बोलीत, ठरलेली मजुरी आणि हातात पडणारी मजुरी यांतील फरक सांगू लागला म्हणजे पाहणाऱ्यांपैकी प्रत्येकाला आपण कोठे बसलो आहोत हे उमगते. निर्माते कार्यक्रम करण्यापूर्वी गावांत जाऊन विचारीत, केल्यानंतर पुन्हा जाऊन विचारीत, आणि लोकांना जे समजले नाही किंवा पटले नाही ते बदलीत. १९८४ साली युनेस्कोने ग्रामीण संज्ञापनासाठीचे आपले पारितोषिक या प्रकल्पाला दिले. ज्या देशाला युनेस्कोने पंचवीस वर्षांपूर्वी वीस हजार डॉलर देऊन या मार्गाला लावले, त्या देशाच्या एका जिल्ह्याने त्याच संस्थेचे पारितोषिक मिळवावे, याहून मोठी पावती कोणती असू शकते? असे असूनही पीजचा कित्ता दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्यात गिरवला गेला नाही, आणि पुढे पीजचे ते स्थानिक प्रक्षेपणही बंद पडले.

महाराष्ट्रात या माध्यमाचा आरंभ २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्राने झाला. दिल्लीनंतरचे हे देशातील दुसरे केंद्र. वरळीचा मनोरा आणि त्याच्या पायथ्याशी काम करणारी निर्मात्यांची ती पहिली पिढी यांच्याविषयी मराठी माणसाच्या मनात जी आपुलकी आहे ती रास्त आहे. 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'किलबिल', 'चिमणराव' या नावांनी एका पिढीच्या संध्याकाळी भरून गेल्या होत्या. रंगभूमी, साहित्य आणि संगीत यांतील उत्तम माणसे त्या स्टुडिओत येऊन गेली. स्मिता पाटील, भक्ती बर्वे आणि प्रदीप भिडे यांच्या मुखातून बातम्या ऐकताना मराठी भाषेचा उच्चार कसा असावा याचा वस्तुपाठ मिळे. 'ज्ञानदीप' या आकाशानंदांच्या कार्यक्रमाची तर गोष्टच वेगळी. तो पाहणाऱ्यांनी ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळे काढली आणि पडद्यावर सुरू झालेले काम आपल्या गावात, आपल्या हाताने पुढे नेले. दिल्लीच्या टेलिक्लबांत जी कल्पना सरकारने वरून रुजविली होती, ती येथे लोकांनी आपण होऊन उचलली.

तथापि मुंबई केंद्राच्या बाबतीतही एक वैगुण्य होते आणि ते निर्मात्यांच्या हातचे नव्हते. 'आमची माती, आमची माणसं' हा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम वरळीहून निघे, आणि १९७३ साली सिंहगडावर सहक्षेपण केंद्र झाल्यानंतर तो पुण्याकडे पोहोचे. परंतु ज्या कापूस उत्पादकाला, ज्या ज्वारी पिकविणाऱ्याला त्याची खरी गरज होती, तो यवतमाळचा किंवा बीडचा शेतकरी कित्येक वर्षे त्या पडद्याच्या कक्षेबाहेरच राहिला. आणि जेव्हा त्याच्या जिल्ह्याच्या गावी अखेर एक लघुशक्ती प्रक्षेपण केंद्र उभे राहिले, तेव्हा त्यावरून त्याला आरंभी जे दिसले ते मुंबईचे मराठी नव्हते, दिल्लीचे होते.

हे घडले ते १९८२ नंतर. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला रंगीत प्रक्षेपणाचा आणि दिल्लीहून सर्व केंद्रांनी एकाच वेळी दाखवावयाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा प्रारंभ झाला, नोव्हेंबरात आशियाई स्पर्धा आल्या, पुढील वर्षी इन्सॅट-१ बी हा आपला उपग्रह कार्यरत झाला, आणि १९८४ साली तर काही महिने जवळजवळ दिवसाला एक या वेगाने प्रक्षेपण केंद्रे उघडण्यात आली. मनोरे उभारण्यासाठी जेवढी मंजुरी आणि जेवढा पैसा तत्परतेने मिळाला, तेवढा त्या मनोऱ्यांवरून दाखवावयाचे चित्र त्या त्या जिल्ह्यात घडविण्यासाठी कधीच मिळाला नाही. ही नवी केंद्रे स्वतः काहीच निर्माण करीत नसत. दूरच्या धरणातून पाट काढावा आणि गावची विहीर बुजवून टाकावी, तशी ती व्यवस्था होती. १९८२ च्या डिसेंबरात नेमलेल्या पी. सी. जोशी समितीने आपल्या अहवालात नेमका हाच दोष दाखविला. यंत्रे वाढली, विचार वाढला नाही, आणि दिल्लीचे डोळे देशाचे डोळे मानले गेले, असा तिचा आशय होता. अहवाल सादर झाला, आणि त्यातील मुख्य शिफारशींची वाट चंदा व वर्गीज समित्यांच्या शिफारशींसारखीच झाली.

या निर्णयाच्या बाजूने जे सांगितले जाते ते मी हलके लेखत नाही. एकाच वेळी सर्व देशाने एकच दृश्य पाहणे यात एक ऐक्याची भावना असते. १९८४ सालच्या 'हम लोग'ने मध्यमवर्गीय कुटुंबाचे साधे जगणे प्रथमच पडद्यावर आणले, 'रामायण' लागले म्हणजे रस्ते ओस पडत. आणि खेड्यातील माणसालाही करमणूक हवी असते, त्याच्यापुढे सतत खतांची आणि लसीकरणाची माहिती ठेवणे हाही त्याच्यावर एक प्रकारचा अन्यायच होता. हे सर्व मला मान्य आहे. परंतु यांतील एकही मुद्दा पीजला बंद करण्याचे कारण ठरत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमाचे दीड-दोन तास आणि जिल्ह्याचा स्वतःचा एक तास हे एकाच संध्याकाळी सुखाने नांदू शकले असते. खेडा जिल्ह्यात ते वर्षानुवर्षे नांदतच होते, कारण पीजहून स्थानिक कार्यक्रम झाल्यावर दिल्लीचे कार्यक्रमही दाखविले जात. स्थानिक दूरचित्रवाणी अपयशी ठरली म्हणून सोडली गेली, असे कोणी म्हणत असेल तर ते इतिहासाला धरून नाही. ती यशस्वी होत असताना सोडली गेली, कारण राजधानीतून एक कळ दाबून सर्व देशाला दाखविता येणे हे ज्यांच्या हाती सत्ता असते त्यांना, पक्ष कोणताही असो, फार सोयीचे वाटते. आणि १ जानेवारी १९७६ पासून दूरचित्रवाणीवर आलेल्या जाहिरातदारालाही एक मोठा बाजार हा चारशे खेड्यांपेक्षा अधिक सोयीचा वाटतो.

हा विषय आज मांडण्याचे कारण केवळ गतकालाची खंत नव्हे. अलीकडच्या काही वर्षांत दूरदर्शनने आपले जुने जमिनीवरील मनोरे बहुतांशी बंद केले आहेत. जे चित्र पूर्वी मनोऱ्यावरून येई ते आता उपग्रहावरून थेट छतावरच्या तबकडीत किंवा हातातील फोनवर येते, आणि म्हणून ज्या खर्चाच्या सबबीवर जिल्ह्याला स्वतःचा कार्यक्रम नाकारला गेला, ती सबब आता उरलेली नाही. कॅमेरा स्वस्त झाला आहे, संकलन साध्या संगणकावर होते, आणि आकाशवाणीच्या रत्नागिरी, जळगाव, परभणी, सांगली, चंद्रपूर येथील केंद्रांच्या इमारती, त्यांचे ध्वनिमुद्रणकक्ष आणि त्या त्या भागाची बोली जाणणारी माणसे आजही प्रसार भारतीच्याच सेवेत आहेत. खाजगी वाहिन्यांकडून ही अपेक्षा करता येणार नाही, कारण त्यांचा हिशेब निराळा आहे. परंतु १९९० च्या प्रसार भारती कायद्याने शिक्षण, शेती, ग्रामविकास, आणि देशाच्या निरनिराळ्या प्रदेशांच्या संस्कृती व भाषा यांकडे लक्ष देणे हे सार्वजनिक प्रसारणाचे कर्तव्य म्हणून लिहून ठेवले आहे, आणि त्या कर्तव्यासाठी करदात्याचा पैसा दिला जातो.

तेव्हा सह्याद्री वाहिनीने आपल्या वेळापत्रकातून रोज एक तास कोकण, खानदेश, मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र यांना आळीपाळीने द्यावा. तो तास त्या त्या भागातच, तेथल्याच माणसांकडून, मालवणीत, अहिराणीत, वऱ्हाडीत घडवून घ्यावा. कोणता विषय घ्यावयाचा याची मंजुरी मुंबईकडे किंवा दिल्लीकडे मागण्याची सक्ती असू नये. आणि प्रत्येक भागात कार्यक्रमाआधी व कार्यक्रमानंतर गावांत जाऊन लोकांना विचारणारे दोन-चार प्रशिक्षित अभ्यासक नेमावेत, जसे पीजला होते. याबरोबरच १९७२ पासूनच्या मुंबई केंद्राच्या ज्या चित्रफिती आजवर टिकल्या आहेत त्यांची सूची करून ती विद्यापीठांना आणि सामान्य प्रेक्षकांना खुली करावी, म्हणजे नव्याने काम करणाऱ्यांना आपल्या आधीच्यांनी काय केले हे पाहता तरी येईल. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी समिती तर मुळीच लागत नाही; प्रसार भारतीच्या पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात एका ओळीची तरतूद लागते, आणि ती मागण्याचा हक्क महाराष्ट्रातील प्रत्येक खासदाराला आहे.